चौकातला फ्लेक्स उतरवायचा कसा? पहिल्यांदाच तक्रार करणाऱ्यांसाठी

निवडणुकीच्या फ्लेक्सबद्दलच्या तक्रारी वाया जातात त्या बहुतेक वेळा चुकीच्या दारात गेल्यामुळे. पोलिसांना फोन केला की ते म्हणतात, पालिकेला सांगा. पालिकेत गेलं की कळतं, हा रस्ता आमच्याकडे नाही. निवडणूक कार्यालयात पोहोचावं, तर ही निवडणूक त्या आयोगाची नसतेच. दोन-तीन हेलपाट्यांनंतर माणूस घरी बसतो आणि फ्लेक्सवरचे दादा हात जोडून हसत राहतात.

ते हेलपाटे वाचावेत म्हणून हे लिहितोय. उदाहरणं महाराष्ट्रातल्या शहरांची आहेत, त्यातही मुंबई-पुण्याची जास्त. गोव्यात विद्रूपीकरणाचा कायदा वेगळा आहे, १९८८ चा. लोकसभा-विधानसभेच्या आचारसंहितेचे नियम मात्र तिथेही हेच.

पायरी १ : आधी तारीख बघा

आचारसंहिता लागू आहे का, आणि असेल तर कुणाची, हे सगळ्यात आधी पाहायचं. लोकसभा आणि विधानसभा भारत निवडणूक आयोग घेतो. महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषद राज्य निवडणूक आयोगाकडे. ही दोन वेगळी कार्यालयं आहेत. एकाची तक्रार दुसरा घेत नाही. २०१७ नंतर मुंबई-पुण्यात महापालिकेचं मतदान झालं ते थेट जानेवारी २०२६ मध्ये. मधल्या काळात लोकांनी पाहिल्या त्या २०१९ आणि २०२४ च्या निवडणुका, म्हणजे सगळा भारत निवडणूक आयोगाचा कारभार. त्यामुळे पालिकेच्या निवडणुकीतही लोक सवयीने त्याच आयोगाच्या हेल्पलाइनला फोन लावतात.

भारत निवडणूक आयोगाने निवडणूक जाहीर केली की त्या क्षणापासून तीन मुदती सुरू होतात. सरकारी कार्यालयं आणि त्यांच्या आवारातलं राजकीय साहित्य २४ तासांत उतरलं पाहिजे. रेल्वे स्थानक, एसटी स्टँड, पूल, रस्ते, विजेचे खांब अशा सार्वजनिक जागांसाठी ४८ तास. खाजगी मालमत्तेवर बेकायदा लावलेल्यासाठी ७२ तास. एरवी महिनोन्‌महिने न हलणारी यंत्रणा या तीन दिवसांत खरंच हलते. पालिकेचे ट्रक रात्री फिरतात, उद्घाटनाच्या कोनशिलांवर कागद चिकटतात. तक्रारीला याहून चांगला काळ नाही.

महापालिका निवडणुकीत राज्य निवडणूक आयोगाचे स्वतंत्र आदेश असतात आणि शहरातली अंमलबजावणी पालिका आयुक्तांकडे असते. याचा एक फायदा असा की फलक उतरवणारा विभाग आणि निवडणूक कक्ष एकाच छपराखाली येतात, म्हणजे टोलवाटोलवीला जागा कमी.

आणि आचारसंहिता नसेल तर? तर महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंध कायदा, १९९५ आहे. तो बाराही महिने लागू असतो. लोकांच्या नजरेस पडेल अशा जागी स्थानिक संस्थेच्या लेखी परवानगीशिवाय फलक लावणं, पोस्टर चिकटवणं, भिंत रंगवणं हा त्याखाली गुन्हा आहे: तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना कोर्टाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही. दंडाचा आकडा १९९५ सालचा आहे आणि तो वाचून कुठल्याही इच्छुकाला घाम फुटणार नाही, हे खरं. पण उमेदवारी मागायला निघालेल्या माणसाला दंडापेक्षा नावावर गुन्हा नोंदला जाण्याची धास्ती जास्त असते, म्हणून तक्रारीत 'फलक हटवा' एवढंच न लिहिता 'गुन्हा नोंदवा' हेही लिहायचं.

माझं मत विचाराल तर खरी घाण निवडणुकीच्या महिन्यात होतच नाही. ती त्याआधीच्या दोन वर्षांत होते. वाढदिवस, दहीहंडी, गणपती, नवरात्र, दिवाळी, दहावीच्या गुणवंतांचं अभिनंदन. फ्लेक्सवर मत मागितलेलं नसतं, फक्त 'भावी नगरसेवक' आणि खाली शुभेच्छुकांची दोन ओळींची फौज. अर्ज भरण्याआधीच अख्खा प्रभाग चेहरा ओळखायला लागतो. या फ्लेक्सना आचारसंहिता लागत नाही. लागतो तो १९९५ चा कायदा. त्यामुळे तक्रारीची सवय निवडणुकीची वाट न पाहता लावून घ्यावी.

पायरी २ : जागा कुणाची?

फ्लेक्स कशाला बांधलाय ते नीट पाहा. पालिकेच्या रस्त्यावर, फूटपाथवर, दुभाजकात असेल तर पालिका. पुण्यात हे काम आकाशचिन्ह व परवाना विभागाचं, मुंबईत अनुज्ञापन खात्याचं. पण थेट मुख्यालय गाठू नका. पुण्यात क्षेत्रीय कार्यालय, मुंबईत वॉर्ड ऑफिस, ठाण्यात प्रभाग समिती, नागपुरात झोन, नाशिकमध्ये विभागीय कार्यालय, यातलं तुमचं जे असेल तिथेच माणसं आणि गाडी असते.

विजेच्या खांबावर असेल तर पालिकेबरोबर महावितरणला (मुंबईत जिथे जी वीज कंपनी असेल तिला) कळवा, कारण तारांजवळ पालिकेचे कामगारही हात घालायला कचरतात, आणि ते बरोबरच आहे. सिग्नल झाकला गेला असेल तर वाहतूक पोलीस. उड्डाणपूल आणि मोठे रस्ते पालिकेचेच असतील असं नाही. ते सार्वजनिक बांधकाम, एमएमआरडीए, रस्ते विकास महामंडळ किंवा राष्ट्रीय महामार्गाचे असू शकतात. रेल्वेच्या भिंती रेल्वेच्या. झाडाला खिळे ठोकून लावलेला असेल तर उद्यान विभागाला वेगळी तक्रार द्या, कारण झाडाला इजा हा विषय १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यात येतो.

ही चौकशी कंटाळवाणी वाटेल. पण १३ मे २०२४ ला घाटकोपरला महाकाय होर्डिंग कोसळून १७ माणसं गेली, तेव्हा लोकसभेची निवडणूक चालू होती आणि पहिला वाद झाला तो जागा कुणाच्या अखत्यारीत यावर. ते होर्डिंग व्यावसायिक जाहिरातीचं होतं, राजकीय नव्हतं. टोलवाटोलवी मात्र तीच.

नक्की कळत नसेल तर पालिकेला अर्ज द्या आणि त्यात एक ओळ घाला : 'सदर जागा आपल्या अखत्यारीत नसल्यास माझा अर्ज संबंधित विभागाकडे वर्ग करावा व मला तसे कळवावे.' ही ओळ असली की 'आमच्याकडे येत नाही' म्हणून अर्ज तोंडी परत करता येत नाही.

पायरी ३ : फोटो, आणि हात खिशात

तीन फोटो पुरतात. एक लांबून, ज्यात दुकानाची पाटी किंवा चौकाचं नाव येईल. एक समोरून, मजकूर वाचता येईल असा. एक खालच्या कोपऱ्याचा, अगदी जवळून.

खालचा कोपरा कशासाठी? परवानगी घेतलेल्या फलकावर परवानगीचा क्रमांक आणि मुदत लिहिलेली असावी लागते. शिवाय लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२७-क नुसार निवडणुकीच्या पोस्टरवर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता छापणं बंधनकारक आहे. न छापल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. होर्डिंगवरही ही नावं हवीत, असं आयोगाने एप्रिल २०२४ मध्ये स्थानिक संस्थांना पुन्हा बजावलं. कोपरा कोरा असेल तर तुमच्या तक्रारीत एका मुद्द्याची भर पडली.

फ्लेक्स स्वतः फाडू नका, उतरवू नका. पुरावा जातो, हे एक कारण. दुसरं असं की आचारसंहितेत एका पक्षाची पोस्टर दुसऱ्या पक्षाच्या कार्यकर्त्यांनी काढू नयेत असं स्पष्ट म्हटलंय, आणि रात्री अकराला ब्लेड घेऊन खांबावर चढलेला माणूस समोरच्या पक्षाचा नाही, हे तिथे कुणाला पटवून देणार? तिसरं कारण आपल्याकडचं खास. फ्लेक्सच्या वरच्या कोपऱ्यात महापुरुषांचे फोटो असतात. ते श्रद्धेने लावलेले असतात आणि कवच म्हणूनही. तुम्ही दादांचा फ्लेक्स काढलात तरी बातमी 'महाराजांचा फोटो फाडला' अशी पसरते, आणि अर्ध्या तासात चौकात गर्दी. पालिकेचे कामगारसुद्धा असे फलक काढताना तो भाग जपून गुंडाळतात. हे काम त्यांचंच आहे.

पायरी ४ : तक्रार कुठे, कशी

लोकसभा किंवा विधानसभेची आचारसंहिता असेल तर भारत निवडणूक आयोगाचं 'सी-व्हिजिल' ॲप सगळ्यात जलद. २०१८ पासून आहे. जीपीएस चालू ठेवून जागेवर उभं राहायचं आणि ॲपमधूनच फोटो किंवा दोन मिनिटांपर्यंतचा व्हिडिओ काढायचा. गॅलरीतला जुना फोटो चालत नाही आणि काढल्यावर पाच मिनिटांत पाठवावा लागतो. म्हणजे घरी जाऊन चहा पिऊन पाठवू म्हणालात तर राहिलं. तक्रार भरारी पथकाकडे जाते आणि १०० मिनिटांत निकाली काढायची असते. नाव न देताही पाठवता येते, मात्र मग पुढे काय झालं ते ॲप तुम्हाला सांगणार नाही.

२०२४ च्या लोकसभेच्या वेळी २९ मार्चपर्यंतच देशभरातून ७९,००० हून अधिक तक्रारी या ॲपवर आल्या होत्या. त्यातल्या ५८,५०० हून अधिक, म्हणजे ७३ टक्के, बेकायदा होर्डिंग आणि बॅनरच्या होत्या. दारू-पैसे वाटपाच्या तक्रारींची कितीही चर्चा होवो, लोकांच्या डोळ्यांत खुपतो तो फ्लेक्सच. स्मार्टफोनशी जमत नसेल तर १९५० ही हेल्पलाइन आहे.

महापालिका निवडणुकीत हे ॲप उपयोगाचं नाही. तिथे पालिकेचा निवडणूक कक्ष किंवा तुमच्या प्रभागाचे निवडणूक निर्णय अधिकारी. आचारसंहिता नसेल तर पालिकेच्या नेहमीच्या वाटा: मुंबईत १९१६, पुण्यात पीएमसी केअर, इतरत्र त्या त्या पालिकेचं ॲप किंवा हेल्पलाइन. फलक लोंबकळत असेल, बांबूचा सांगाडा कलला असेल, तर ही तक्रार राहिलीच नाही. ११२ किंवा अग्निशमन दलाला लगेच फोन करा. २०१९ मध्ये चेन्नईत राजकीय पुढाऱ्याच्या घरच्या लग्नाचा फ्लेक्स दुचाकीवर पडला आणि २३ वर्षांची तरुणी मागून येणाऱ्या टँकरखाली गेली.

ॲपवर तक्रार केली तरी एक लेखी अर्ज जरूर द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. नमुना असा :

'प्रति, मा. सहायक आयुक्त, ______ क्षेत्रीय कार्यालय.
विषय : ______ चौकातील विनापरवाना राजकीय फलक हटवून महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंध कायदा, १९९५ अन्वये गुन्हा नोंदवण्याबाबत.
महोदय, दि. ______ रोजी वरील ठिकाणी (खूण : ______) अंदाजे ______ फलक आढळले. त्यांवर परवानगी क्रमांक / मुद्रक-प्रकाशकाचे नाव नाही. फलकांमुळे सिग्नल दिसत नाही / पदपथ अडला आहे. फोटो सोबत जोडले आहेत. फलकांवर नावे व छायाचित्रे असल्याने लाभार्थी व्यक्ती स्पष्ट आहेत. गुन्हा अज्ञात व्यक्तीविरुद्ध नोंदवू नये. केलेल्या कारवाईची माहिती लेखी द्यावी. माझे नाव व पत्ता गोपनीय ठेवावा, ही विनंती.'

'अज्ञात व्यक्तीविरुद्ध' हे वाक्य गाळू नका. फ्लेक्सवर बारा चेहरे, प्रत्येकाखाली नाव आणि पद, एखाद्याचा मोबाइल नंबरसुद्धा, आणि कागदावर मात्र 'अज्ञात इसमाने लावला' अशी नोंद, हा आपल्याकडचा जुना खेळ आहे.

अर्जात कुठल्याही पक्षाबद्दल मत लिहू नका. आणि चौकात चार पक्षांचे फलक असतील तर चारही लिहा. फक्त एकाचेच लिहिलेत तर तुमच्या अर्जाचा त्याच दिवशी प्रचारात वापर होईल, आणि पुढच्या वेळी क्षेत्रीय कार्यालयात तुमच्याकडे नागरिक म्हणून कुणी पाहणार नाही.

पायरी ५ : खर्चाची चावी

ही वाट फार कमी लोकांना माहीत आहे आणि मला ती सगळ्यात परिणामकारक वाटते. महाराष्ट्रात लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख आणि विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख रुपयांची खर्चमर्यादा आहे. अर्ज भरल्यापासून निकालापर्यंत उमेदवारासाठी लागलेले फलक त्याच्या खात्यात धरले जातात. प्रत्येक वस्तूचा दर जिल्हा निवडणूक अधिकारी आधीच दरपत्रकात ठरवून ठेवतात, आणि निवडणुकीचं पथक उमेदवाराच्या हिशेबाला समांतर अशी स्वतःची नोंदवही ठेवतं.

तेव्हा फोटो, जागा, फलकाचा अंदाजे आकार आणि संख्या लिहून खर्च निरीक्षकांना पाठवा. त्यांचा फोन आणि ईमेल जिल्हाधिकारी कार्यालय जाहीर करतं. पालिका परवानगी आहे की नाही तेवढंच बघते. खर्च निरीक्षक विचारतात, याचे पैसे कुठे दाखवलेत? 'कार्यकर्त्यांनी प्रेमाने लावले' हे उत्तर पालिकेत खपतं, हिशेबात खपत नाही. एकदा वीस फलक खर्चात धरले गेले की एकविसावा लावायला उमेदवार स्वतःच मनाई करतो.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. सगळेच उमेदवार सारखे नसतात. पैसेवाल्याकडे टीव्ही आहे, मोबाइलवरच्या जाहिराती आहेत, भाड्याची होर्डिंग्ज आहेत. एखाद्या अपक्षाकडे पन्नास पोस्टर आणि सायकल. त्याने पालिकेने नेमून दिलेल्या जागी, रीतसर परवानगीने लावलेल्या पोस्टरवर तक्रार करून काही साधत नाही. परवानगी आहे म्हटल्यावर तक्रार टिकणारही नाही.

सोसायटीच्या भिंतीचं काय?

आचारसंहिता सांगते की कुणाच्याही जमिनीवर, इमारतीवर, कंपाउंडच्या भिंतीवर मालकाच्या परवानगीशिवाय झेंडे, बॅनर, पोस्टर लावायचे नाहीत. सोसायटीत मालक म्हणजे संस्था. चेअरमनकाकांनी जिन्यात उभ्या उभ्या 'लावा हो' म्हटलं, ही संस्थेची परवानगी नव्हे.

अडचण कायद्याची नसतेच. सेक्रेटरींना फोन येतो, 'काका, दोन दिवस राहू द्या की, आपलाच माणूस आहे.' सेक्रेटरींना त्याच माणसाकडून ड्रेनेजचं काम करून घ्यायचं असतं. म्हणून निवडणुकीच्या बऱ्याच आधी, कुणाचंच नाव चर्चेत नसताना, सर्वसाधारण सभेत ठराव करून घ्या : 'संस्थेच्या भिंती, फाटक व आवारात कोणत्याही पक्षाचे वा व्यक्तीचे राजकीय फलक लावले जाणार नाहीत.' ठरावाची प्रत फाटकाजवळ लावा. मग सेक्रेटरी फोनवर सांगू शकतात, 'साहेब, माझी हरकत नाही हो, पण सभेचा ठराव आहे.' माणूस दुखावला जात नाही आणि भिंत मोकळी राहते.

पायरी ६ : 'निकाली' म्हणजे संपलं नाही

ॲपवर 'तक्रार निकाली' दिसलं की जाऊन पाहा. फलक तिथेच असेल तर त्याच जागेवरून त्याच कोनातून नवा फोटो काढा आणि तक्रार पुन्हा उघडा. कधी दोऱ्या कापून फ्लेक्स नेतात आणि लाकडी चौकट तशीच सोडतात. दोन दिवसांत तिच्यावर नवा चेहरा येतो. अर्जात 'सांगाड्यासह' हा शब्द घालावा तो यासाठी.

आठवडाभरात हालचाल नसेल तर सहायक आयुक्तांवरून उपायुक्त, मग आयुक्त, प्रत्येक वेळी आधीच्या पोचपावतीची प्रत जोडून. मुंबई उच्च न्यायालयाने सुस्वराज्य फाउंडेशन, सातारा यांच्या जनहित याचिकेत ३१ जानेवारी २०१७ ला बेकायदा फलकांबाबत राज्यातल्या पालिकांना सविस्तर आदेश दिले आहेत. अर्जात या निकालाचा उल्लेख करा. कनिष्ठ अधिकाऱ्यांनाही त्याचं नाव ठाऊक असतं. ते आदेश पाळले जात नाहीत म्हणून प्रकरण पुन्हा न्यायालयात आलं, आणि २०२४ च्या विधानसभा निवडणुकीनंतर डिसेंबरमध्ये राजकीय पक्षांना अवमानाबद्दल कारणे दाखवा नोटिसा निघाल्या. फ्लेक्स लावणार नाही अशी हमी याच पक्षांनी कोर्टात दिलेली होती.

तरीही दाद लागत नसेल तर माहिती अधिकार. दहा रुपये, तीस दिवस. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण दीडशे शब्दांतला असावा लागतो, तेव्हा भाषण लिहू नका. एवढंच विचारा : अमुक महिन्यात अमुक क्षेत्रीय कार्यालयाच्या हद्दीत किती फलकांना परवानगी दिली, त्यांची यादी, किती विनापरवाना फलक काढले, किती गुन्हे नोंदवले, त्यातले अज्ञात व्यक्तीविरुद्ध किती, दंड किती वसूल झाला. परवानगीची यादी हातात आली की पुढचं काम सोपं होतं, कारण यादीत नसलेला प्रत्येक फलक बेकायदा.

निकालानंतरचा आठवडा

मतदान झालं की लोकांचं लक्ष उडतं आणि त्याच आठवड्यात शहर सगळ्यात वाईट दिसतं. हरलेल्यांचे फलक काढायला कुणी येत नाही. जिंकलेल्यांचे अभिनंदनाचे नवे येतात, ते जुन्यांहून मोठे. आचारसंहिता उठल्याने सी-व्हिजिल बंद, भरारी पथकं आपापल्या खात्यात परत. आता फक्त पालिका आणि १९९५ चा कायदा. नव्या लोकप्रतिनिधीच्या स्वागताचा फलक काढायला क्षेत्रीय कार्यालयातले लोक बिचकतात, तेव्हा या आठवड्यातला अर्ज एकट्याच्या नावाने न देता चार-पाच सोसायट्यांच्या लेटरहेडवर द्या.

सोबत आपल्या भागातल्या नेहमीच्या जागांची यादी करून ठेवा : कुठला खांब, कुठला दुभाजक, कुठली कमान, जागा कुणाची. पुढची निवडणूक जाहीर होईल त्या संध्याकाळी ही यादी ताज्या फोटोंसह त्या निवडणुकीच्या कक्षात द्यायची आणि पोचपावतीवर तारखेबरोबर वेळही घालून घ्यायची. निवडणूक भारत निवडणूक आयोगाची असेल तर २४, ४८ आणि ७२ तासांचा हिशेब तिथून करता येतो.